कर्णिकबाईंच्या वाट्याचा चीक

दूध आम्लात शिजू लागले की त्याचा वास दुधाचा राहत नाही. प्रथम तो जळक्या साखरेचा असतो, मग जळक्या केसांचा, आणि शेवटी घशाशी येऊन थांबणारा, ज्याला नाव देता येत नाही असा. काचेच्या चंबूत पांढऱ्याचे काळे होई, काळ्याचे तांबूस, आणि पुष्कळ वेळ उकळल्यावर तळाशी उरे ते झऱ्याच्या पाण्यासारखे नितळ. मग कोणी खिडकी उघडी. पवनेच्या काठावरून दुसरा वास आत येई : नुकत्याच कापलेल्या लसूणघासाचा, थंड, हिरवा, किंचित गोड. हे दोन वास जिथे एकमेकांना भेटत तिथे कर्णिकबाई उभ्या असत. आज इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा मला आधी आठवत नाही. आधी ते वास येतात, आणि धुक्यातून झाड उमटावे तशा त्यांच्यातून बाई उमटतात.

पन्नासच्या दशकातली पिंपरी ती. कारखान्यांच्या चिमण्या नुकत्या उगवू लागल्या होत्या आणि ज्वारीच्या शेतांना त्यांच्या सावल्यांची अजून सवय झाली नव्हती. नदीपाशी एक लहानसे दुग्धसंशोधन केंद्र होते : कौलारू प्रयोगशाळा, गोठा, आणि मागे लसूणघासाचे हिरवेगार कुरण. मी पुण्यात मराठी काव्य शिकून चिंचवडला भावाकडे राहायला आले होते. केंद्राला बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिण्यासाठी सुवाच्य अक्षराचे माणूस हवे होते. काव्य शिकलेल्या मुलीचे अक्षर बरे असणार, एवढ्या अंदाजावर मला घेतले गेले.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडे पाहिले ते चंबूवरून नजर न हलवता. उंच, सडसडीत, चाळिशीच्या पुढच्या. नऊवारी सोडून पाचवारी नेसू लागलेल्या, पण पदर मात्र कामाला निघाल्यासारखा घट्ट खोचलेला. बोटांची टोके आम्लाने पिवळी झालेली.

"इथे एकच नियम," त्या म्हणाल्या. "या दाराच्या आत काहीही तोंडात घालायचे नाही. चहा नाही, सुपारी नाही, बोटसुद्धा नाही. हुंगायचे ते हुंग. चाखायचे नाही."

मी मान हलवली. तो नियम नंतर माझ्या अंगात इतका भिनला की घरी आमटीत मीठ पुरेसे आहे का हे पाहतानाही माझा हात क्षणभर अडे.

बाईंनी स्वतः तो नियम दाराबाहेरही नेला होता. त्या दुधाचा थेंब घेत नसत. करंजाच्या झाडाखाली बसून कोरा चहा पीत, आणि कोणी दह्याची वाटी पुढे केली तर हात जोडत. मी एकदा कारण विचारले. त्या हसल्या. "यांच्याकडून जे मागून आणते ते सगळे मी जाळून टाकते," गोठ्याकडे हनुवटी करून त्या म्हणाल्या. "वर प्यायलाही मागू? काही लाज?"

गाईंना त्या 'अहो' म्हणत. "अहो, जरा सरका." "अहो कपिलाबाई, आज मन नाही वाटतं?" मोठ्या साहेबांशी, म्हणजे आमच्या संचालकांशी, त्या जेवढ्या मोजून बोलत त्याच्या दुप्पट गाईंशी बोलत. गोठ्याचे आणि जीपचे काम पाहणारा बापू म्हणे, "साहेबांस्नी बाईंकडनं दोन गोड सबूद पायजे असतील तर दावणीला उभं ऱ्हावं लागंल."

त्यांचा शोध मात्र साधा होता, आणि एखाद्या कवितेच्या ओळीसारखा अवघड. उन्हाळ्यात चाकणकडच्या गावांतून गाईंना कोरडा कडबा मिळे, दुसरे काही नाही. अशा गाईंना हिरवा लसूणघास आणि भुईमुगाची पेंड घातली तर दूध नुसते वाढते, की त्याचा गाभाही बदलतो? गाभा म्हणजे दुधातली प्रथिने : दूध विरजले की ज्याचे दही धरते ते, आणि निवळीत विरघळून राहते ते. कारखान्यांत कामाला आलेली माणसे तेव्हा काळेवाडी-रहाटणीकडे खोल्या करून राहू लागली होती. त्यांच्या घरी पोरामागे जेमतेम वाटीभर दूध येई. त्या वाटीतच अधिक सकस काही उतरवता आले तर, हे बाईंचे स्वप्न होते. त्या तसे कधी म्हणाल्या नाहीत. परंतु काळेवाडीच्या वाटेवर पोरे दिसली की जीपमधल्या रिकाम्या बाटल्यांवर त्यांचा हात नकळत ठेवलेला मी पाहिला आहे.

आणि ते कुरण त्या स्वप्नाचे मूळ होते. तिथला घास कापून बापू गावोगावच्या प्रयोगातल्या गाईंना पोचवी. नेमके तेच कुरण एका नव्या कारखान्याला हवे होते. एके सकाळी मोजणीची माणसे साखळ्या घेऊन आली आणि घासात लाल फडक्यांच्या काठ्या रोवून गेली. दुपारी त्यांतला एक जण धापा टाकत प्रयोगशाळेच्या दाराशी आला.

"बाई, तुमच्या गाईनं आमचं निशाण खाल्लं!"

बाईंनी शांतपणे नळी खाली ठेवली. "कोणत्या गाईनं?"

"ती... पांढरी."

"अहो, त्यांच्या पोटात चार कप्पे आहेत. फडके कुठे हरवायचे नाही. उद्या सकाळी या, परत मिळेल." मग जरा थांबून, "धुऊन देऊ का तसेच नेता?"

तो बिचारा हसावे की रागवावे या संभ्रमात निघून गेला. बाईंनी त्याच्या मागोमाग बापूबरोबर चहा पाठवला. पण खिडकीतून त्या बराच वेळ उरलेल्या लाल फडक्यांकडे पाहत राहिल्या. वारा आला की हिरव्या लाटांवर ती फडकी जखमांसारखी वरखाली होत.

साहेबांनी स्पष्टच सांगितले होते. प्रयोगातून काही भरीव निघाले तर दिल्लीहून येणाऱ्या मंडळींपुढे कुरणासाठी शब्द टाकता येईल. नाहीतर नाही.

प्रयोगातल्या गाईंपैकी एक चाकणच्या अलीकडच्या वस्तीवर ठकूबाईंकडे होती. पहाटे आम्ही जीपने निघत असू. भोसरी मागे पडे, मोशीपाशी इंद्रायणीवर धुक्याची साय धरलेली असे, आणि चाकणच्या बाजाराचा वारा आला की थंड हवेत कांद्याचा तिखट पापुद्रा नाकाला लागे. ठकूबाई अंगणात उभ्याच असत. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठे आडवे कुंकू. त्यांच्या हातच्या धारा ऐकणे हे मला त्या दिवसांतले सर्वांत मोठे सुख वाटे. रिकाम्या चरवीत पहिली धार टणत्कारत पडे, मग हळूहळू आवाजाला पोट येई, आणि शेवटी फेसावर फेस पडताना नुसता श्वास ऐकू यावा तसे होई.

ठकूबाई आणि बाई यांच्यात एक जुने भांडण होते. ठकूबाईंच्या घरची रीत अशी, की गाय व्याली की तिचा पहिला चीक शेजारीपाजारी वाटल्यावाचून घरात कोणी खायचा नाही. वाटी घेणाऱ्यानेही ती रिकामी परत करायची नाही. चिमूटभर का होईना, धान्य त्यात घालायचे. प्रयोग सुरू झाल्यापासून त्या बाईंनाही शेजारीण समजू लागल्या होत्या, आणि बाई प्रत्येक वेळी हात जोडत होत्या.

"आवं, इख न्हाई त्यात," ठकूबाई म्हणत.

"तुमचा मान आहे हो. पण मी दुधातले काही घेत नाही."

"मग आमी तुमचं गवत कसं घेतो?"

यावर बाई बाटली पुढे करत, आणि ठकूबाई तोंड फिरवून ती भरून देत.

त्या उन्हाळ्यात आठवड्यामागून आठवडे गेले, आणि घास खाणाऱ्या गाईंचे दूध वाढले, पण त्याचा गाभा जवळजवळ जागचा हलेना. बाईंच्या डोळ्यांखाली सावल्या आल्या. "या फार मानी आहेत," दावणीशी उभ्या राहून एकदा त्या मला म्हणाल्या. "उपाशी ठेवले तर दूध कमी देतील, पण पातळ देणार नाहीत. स्वतःच्या अंगातले काढून घालतील त्यात. आणि पोटभर घातले, तर तेच दूध, जास्त." त्यांच्या बोलण्यात कौतुक होते आणि हार होती.

आणि मग ठकूबाईंच्या गाईची, पवळीची, बाटली आली. दूध पिवळसर होते. "घास उतरलाय बघ दुधात," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चंबूतले उकळणे संपले, पुढचे सोपस्कार झाले, आणि नळीतला शेवटचा थेंब रंग बदलून थांबला तेव्हा बाईंनी आकडा दोनदा वाचला. मग त्या खाली बसल्या. पवळीच्या दुधातली प्रथिने एकाएकी उंच चढली होती. इतकी, की तिच्या एकटीच्या बळावर घास खाणाऱ्या गाईंचा सगळा कळप वर उचलला गेला होता. त्यांनी ते काम पुन्हा केले. आकडा तोच.

त्या दिवशी मी बाईंना गुणगुणताना ऐकले. सूर धड नव्हता. करंजाखाली केस मोकळे सोडून त्या बसल्या होत्या आणि पाठीवरच्या त्या करड्याकाळ्या पुरात ऊन शिरले होते. कधी काळी त्या माझ्याएवढ्या असतील हे मला प्रथमच दिसले. "काळेवाडीची ती पोरे आहेत ना," त्या एवढेच म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून दिले.

साहेबांना बातमी कळायला वेळ लागला नाही. त्यांनी दिल्लीला तार केली.

पुढचे दुसऱ्या सकाळी घडले. बाईंना पाहायचे होते की ही वाढ दह्यातल्या प्रथिनांत आहे की निवळीतल्या. बर्फाच्या पेटीत ठेवलेली पवळीची उरलेली बाटली त्यांनी कोमट करण्यासाठी पाण्याच्या भांड्यात उभी केली, खाली ज्योत लावली, आणि तेवढ्यात साहेब आले. अभिनंदन करू लागले. कुरण आता आपलेच, दिल्लीची मंडळी सोमवारी येत आहेत, बाईंनी चार शब्द इंग्रजीत बोलावे, गाईंच्या शिंगांना रंग लावायचा का... साहेब बोलत राहिले आणि पाणी उकळत राहिले.

वास आधी मला आला. आम्लाचा नव्हे, घासाचा नव्हे. जाडसर, उबदार, आजोळच्या चुलीपाशी झाकणाखालून येणारा. वेलदोडा नव्हता, गूळ नव्हता, तरी मला दोन्ही आठवले. बाईही बोलता बोलता थांबल्या. त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. त्यांनी फडक्याने धरून बाटली पाण्यातून उचलली, आणि आमच्यासमोर हळूच उलटी केली.

दूध पडले नाही. काचेत ते पिवळसर, थरथरते, घट्ट होऊन बसले होते.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"खरवस," बाई म्हणाल्या.

नुसते दूध कितीही उकळले तरी असे थिजत नाही. थिजतो तो नुकत्या व्यालेल्या गाईचा चीक, कारण वासरासाठी त्यात प्रथिने भरभरून असतात. पवळी गाभण होती, पण तिला व्यायला अजून अवकाश होता. बाई बाटली घेऊन जीपकडे चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागे.

ठकूबाई गोवऱ्या थापत होत्या. बाईंनी उलटी बाटली दाखवली तेव्हा त्यांनी शेणाचे हात तसेच हवेत धरले.

"पवळीनं पान्हा चोरला हुता वं," त्या म्हणाल्या. "तिचं वासरू लेकीकडं धाडलं तवापास्नं करती तसं. बाटली अर्धीबी भरंना. तुमी एवढ्या लांबनं येता, अर्धी बाटली हातात कशी द्यायची? अन् आमची चांदी त्याच रातीला व्याली हुती..."

"म्हणून तिचा चीक घातलात?"

"तुमचाच हुता की तो," ठकूबाई म्हणाल्या. "तुमच्या वाट्याचा. वाटीत दिला तर घेत न्हाई तुमी. म्हनलं बाटलीत तरी घेतील." आणि बाईंचा चेहरा पाहून त्यांचा आवाज बसला. "म्या काय वंगाळ केलं का बाई?"

चांदीचे पांढरे वासरू गोठ्याच्या दाराशी लटपटत उभे होते. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटले, त्या आता रडतील. त्या म्हणाल्या, "नाही हो. वंगाळ कसले? माझ्या घरी पोचले ते. मलाच ओळखता आले नाही."

परतीच्या वाटेवर त्यांनी ती बाटली मांडीवर धरली होती. इंद्रायणीवरची साय विरून गेली होती आणि पाणी उघडेबोडके चमकत होते.

साहेबांच्या खोलीतले संभाषण मला उघड्या दारातून ऐकू आले. ते रागावले नाहीत, विनवत होते.

"एक बाटली, बाई. मुद्दाम कोणी काही केलेले नाही. आकडा तुमच्या हातून आला, दोनदा आला. सोमवार होऊन जाऊ दे. मग सावकाश दुरुस्ती करू."

"सोमवारी मी काय सांगू?"

"जे मिळाले ते."

"जे मिळाले ते असे आहे," बाई म्हणाल्या, "की चारा दिला तर गाय जास्त देते. कमी दिला तर कमी देते. पण खोटे देत नाही."

"हे दिल्लीला कसे सांगायचे? हे काय संशोधन झाले? बाई, कुरण जाईल."

"जाईल."

"तुमचे काम जाईल."

"ते गेले, साहेब. तुमच्यासमोरच त्याचा खरवस झाला."

मग साहेबांनी विचारले, "निदान चूक कोणाची हे तरी कळू द्या. कोणत्या शेतकऱ्याकडून झाली?"

"माझी चूक. मी वाटी नाकारली."

साहेबांना त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला, आणि मी हातातल्या चिठ्ठीवर 'पवळी' हे नाव लिहिता लिहिता थांबले.

सोमवारी बाईंनी चार शब्द इंग्रजीत सांगितले, ते सगळे खरे होते. मंडळींनी नम्रपणे माना हलवल्या, गाईंबरोबर छायाचित्र काढले आणि ती निघून गेली. पावसाळ्याआधी कुरणाभोवती तारेचे कुंपण उभे राहिले. बाईंची बदली विदर्भातल्या एका केंद्रावर झाली. तिथे चारा होता, गाई होत्या, पण प्रयोगशाळा नव्हती. बापूने शेवटचा घास कापला तेव्हा बाई बांधावर बसून होत्या. एका भागातला घास मात्र त्यांनी आधीच राखून ठेवला होता. त्याला निळीजांभळी फुले येऊ दिली, बी धरू दिले. ते बी स्वतःच्या हाताने चोळून, पाखडून त्यांनी एका पुरचुंडीत बांधले. त्यांच्या पिवळ्या बोटांत ते मोहरीहून जरा मोठे, मातकट दाणे वाळूसारखे सरसरत.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी जीप काढायला लावली. रिकाम्या बाटल्या ठकूबाईंना द्यायच्या होत्या. तेला-मिठाला उपयोगी पडतील म्हणून.

ठकूबाई नेहमीसारख्या अंगणात नव्हत्या. कुरण गेल्याचे त्यांच्या कानी गेले होते, आणि आपल्यामुळे गेले हे त्यांनी मनाशी पक्के धरले होते. दाराआडून त्यांच्या बांगड्या तेवढ्या किणकिणल्या.

"ठकूबाई," बाईंनी हाक मारली, "पवळी व्याली म्हणे."

"व्हय." आतून आवाज आला. "परवाच्याला."

"मग माझा वाटा कुठे आहे?"

दार हळूच उघडले. ठकूबाई बाहेर आल्या त्या डोळ्यांना पदर लावून, आणि दुसऱ्या हातात पितळी वाटी. ती त्यांनी भरूनच ठेवलेली असावी. न्यायला कोणी येवो न येवो. बाई सारवलेल्या ओट्यावर मांडी घालून बसल्या. वाटीतला खरवस जायफळाच्या वासाने जड झाला होता. त्यावर सकाळचा सोनेरी कवडसा पडला होता आणि वाटी हलली की तोही थरथरत होता. बाईंनी चमचा मागितला नाही. आम्लाने जळलेल्या त्या बोटांनी त्यांनी एक वडी उचलली, डोळे मिटले आणि तोंडात घातली.

मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते. गळ्यापाशी एक शीर हलकेच वरखाली झाली. गोठ्यातून वासराच्या चुरूचुरू पिण्याचा आवाज येत होता. ठकूबाई श्वास रोखून उभ्या होत्या.

"बरा झालाय?" त्यांनी विचारले.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली, आणि ठकूबाई हसल्या आणि रडल्याही. दोन्ही एकाच आवाजात. "आता वाटी न्या की घरला," त्या म्हणाल्या, "सवडीनं परत करा."

"सवड नाही हो आता. आत्ताच रिकामी करते." बाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडून ओट्यावर ठेवली. "यात घालायचे आहे ना काही. हे बी आहे. विहिरीच्या कडेला टाका. तुमच्या गाईंना माझ्या कुरणाची आठवण राहील."

मी मागे, जीपच्या सावलीत उभी होते. हातात बाटल्यांची पेटी, आणि अंगात तो वर्षभराचा नियम. वाटीच्या तळाशी शेवटची वडी उरली होती. बाईंनी मला जवळ बोलावले, वाटी माझ्यापुढे धरली. माझा हात सवयीने अडला. त्यांनी तो पाहिला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा कण लागलेला होता, आणि डोळ्यांत, कित्येक दिवसांनी, ते करंजाखालचे ऊन.

त्या म्हणाल्या, "चाख."